रांगेतला अर्धा तास वाचवला आणि ४,३८,५०० रुपये गेले

माझ्या बचत खात्यात ८६,४१२ रुपये होते आणि त्याच खात्याला जोडलेली ३,५०,००० रुपयांची मुदत ठेव होती. शनिवारी संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी ती ठेव मोडली गेली, व्याजासह ३,५७,२१८ रुपये बचत खात्यात जमा झाले, आणि त्यानंतरच्या एकोणीस मिनिटांत २,००,०००, १,५०,०००, ७५,००० आणि १३,५०० अशा चार व्यवहारांत एकूण ४,३८,५०० रुपये माझ्या खात्यातून बाहेर गेले. मागे राहिले ५,१३० रुपये. मी बावीस वर्षे एका कंपनीच्या लेखा विभागात काम करते आणि दुसऱ्यांची बिले व बँकेची विवरणपत्रे ताडून पाहणे हाच माझा रोजचा उद्योग आहे. म्हणूनच हे सगळे लिहिण्याची लाज वाटत होती आणि तीन महिने मी गप्प बसले. गेल्या आठवड्यात कार्यालयातल्या एका सहकाऱ्याला, मला आला होता अगदी तसाच, बँकेच्या नावाने बनावट फोन आला, तेव्हा गप्प बसण्याचीच जास्त लाज वाटली.

बनावट केवायसीचा प्रकार, म्हणजे बँक ग्राहकाची ओळख पडताळते त्या प्रक्रियेच्या नावाखाली होणारी फसवणूक, कसा चालतो हे एव्हाना सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे तो मुळापासून सांगत बसत नाही. मलाही तो ठाऊक होता. ओटीपी कोणाला सांगू नये हे मी स्वतः इतरांना बजावत आले आहे, आणि मी तो कोणालाही सांगितलेला नाही, हे आधी नीट समजून घ्यावे. कारण पुढे बँकेने माझ्यावर जो ठपका ठेवला तो नेमका ह्याच मुद्द्यावर आहे.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला माझ्या बँकेकडून केवायसीची मुदत संपत आल्याचा खराखुरा संदेश आला होता. त्यासाठी मी शाखेत गेले, तेव्हा खिडकीपुढे लांब रांग होती आणि तिथल्या कर्मचाऱ्याने मान वर न करता सांगितले, ''मॅडम, हे सगळं आता मोबाइलवर होतं, रांगेत कशाला उभ्या राहता?'' मी परत फिरले. त्यानंतर आठ दिवसांनी, शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला फोन आला. समोरच्या माणसाला माझे संपूर्ण नाव, शाखेचे नाव आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे माहीत होते. आज प्रक्रिया पूर्ण झाली नाही तर उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार, म्हणजे सोमवारपर्यंत खाते गोठलेले राहील, असे त्याने शांतपणे सांगितले. तो मराठीतच, अदबीने बोलत होता आणि त्याने ओटीपी मागितला नाही. उलट, ''ओटीपी आला तर मलाही सांगू नका,'' असे तोच म्हणाला. ज्याच्यावर संशय घ्यायचा तोच सावधगिरीची भाषा बोलू लागला की माणूस सैलावतो, आणि मी सैलावले.

व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. तिच्या नावात माझ्या बँकेचे नाव होते आणि शेवटी एपीके ही अक्षरे होती, म्हणजे ती फोनमध्ये थेट इन्स्टॉल होणारी ॲपची फाइल होती. मी ती उघडली तेव्हा फोनने स्वतःहून मला अडवले. तो पडदा आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वर पिवळा त्रिकोण, त्याखाली हे ॲप धोकादायक असू शकते अशी स्पष्ट सूचना, मग ठळक अक्षरांत ''इन्स्टॉल करू नका'', आणि त्याच्याही खाली, बारीक, फिकट अक्षरांत ''तरीही इन्स्टॉल करा''. माझा अंगठा त्या फिकट अक्षरांवर गेला. चुकून नव्हे, वाचून गेला. फोनवरचा माणूस त्याच क्षणी म्हणाला, ''तो इशारा सगळ्याच बँकांच्या ॲपना येतो, मॅडम.'' माझे बँकेचे खरे ॲप मी अधिकृत दुकानातून, म्हणजे प्ले स्टोअरवरून घेतले होते आणि तेव्हा असा इशारा आला नव्हता, हे मला पक्के आठवत होते. आठवत असूनही मी त्याचे ऐकले. बँक आपल्या ग्राहकाला ॲपची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. जगातले कोणतेही कारण सांगितले तरी पाठवत नाही. ही एवढी एक गोष्ट त्या क्षणी मनात धरली असती तर आज हे लिहावे लागले नसते.

त्यापुढचा मूर्खपणा सलग आहे. त्या ॲपने एसएमएस वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी मागितली, मी दिली. नाव, जन्मतारीख, पॅन, डेबिट कार्डाचा क्रमांक, त्याची मुदत आणि शेवटी एटीएमचा पिन मागितला. पिन भरताना हात थबकला होता, हे मी प्रामाणिकपणे सांगते. ''सांगायचा नाही'' हा नियम डोक्यात होता आणि मी तो कोणाला सांगत नव्हते, पडद्यावर भरत होते, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग एक पांढरा पडदा आला, फिरणारे वर्तुळ आणि त्याखाली एक ओळ: आपल्या अर्जाची पडताळणी सुरू आहे, कृपया २४ तास थांबा.

त्या चोवीस तासांचा अर्थ मला नंतर कळला. बँकेचे ॲप नव्या फोनवर सुरू करताना त्या फोनमधून बँकेला एक एसएमएस जातो आणि नोंदणीकृत सिमकार्ड त्याच फोनमध्ये आहे अशी बँक खात्री करून घेते. तो एसएमएस चोराने माझ्याच फोनमधून, माझ्याच सिमवरून, मला पत्ता न लागता पाठवला. माझे खाते त्याच्या फोनवर सुरू झाले आणि माझ्या फोनवरचे बंद पडले. येणारे सगळे ओटीपी परस्पर त्याच्याकडे वळत होते. नवा लाभार्थी, म्हणजे ज्याच्या खात्यात पैसे पाठवायचे तो, जोडल्यावर माझ्या बँकेत मोठी रक्कम पाठवण्याआधी २४ तास थांबावे लागते. ती मुदत ग्राहकाने सावध व्हावे म्हणून ठेवलेली आहे, आणि मला ते चोवीस तास हातावर हात ठेवून बसवण्यासाठीच तो पांढरा पडदा होता.

बँकेचा एक ईमेल मात्र शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनीच आलेला होता: आपले खाते नव्या उपकरणावर नोंदवले गेले आहे. ईमेल चोराच्या हाती नव्हते, फक्त एसएमएस होते. कर्जाच्या आणि कार्डांच्या जाहिरातींचे पंधरा ईमेल आठवड्याला पाठवणाऱ्या बँकेचा तो ईमेल मी उघडला नाही. शनिवारी रात्री नऊ चाळीसला दुसरे काही शोधताना तो आणि त्याच्यावरचे पाच ईमेल एकदम दिसले.

इथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. सहा वर्षांपूर्वी मी शाखेत जाऊन एक ठेव मोडली होती. खिडकीमागच्या वयस्कर अधिकारी बाईंनी पावतीच्या मागे सही करायला लावली, ती जुन्या नमुन्याशी जुळत नाही म्हणून पुन्हा करायला लावली, तिसऱ्यांदा करायला लावली, आणि चष्म्यावरून बघत विचारले, ''काय अडचण आहे का, ताई? मुदतीला दोनच महिने राहिलेत.'' तेव्हा मला त्या चौकशीचा भयंकर राग आला होता. माझा पैसा, यांना काय करायचे आहे, असे घरी येऊन मी म्हणाले होते. त्या रागातच पुढची ठेव ॲपवरून केली, कारण ती ॲपवरूनच मोडता येते. शाखेत काढलेली ठेव माझ्या बँकेत पावती आणि सही घेऊन शाखेतच मोडावी लागते. ज्या चौकशीला मी छळ समजत होते, ती चौकशी करणारे त्या शनिवारी संध्याकाळी कोणी नव्हते. ठेव मोडायला चोराला माझ्याइतकेच दोन स्पर्श लागले असतील. सोय ही ज्याच्या हातात ॲप आहे त्याची असते, खातेदाराची नव्हे.

आणखी एक चूक माझीच. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या देण्यासाठी मी ॲपवरून पैसे पाठवण्याची दिवसाची मर्यादा ५,००,००० रुपयांपर्यंत वाढवली होती आणि काम झाल्यावर ती कमी केली नाही. ती २५,००० असती तर त्या संध्याकाळी कदाचित २५,००० च्या वर गेले नसते. तुमची मर्यादा किती आहे हे हे वाचता वाचताच तपासा.

आता बँकेबद्दल. रात्री नऊ पंचेचाळीसला मी चोवीस तास चालणाऱ्या मदतवाहिनीवर फोन लावला. कर्जासाठी एक दाबा, कार्डासाठी दोन दाबा, ठेवीसाठी तीन दाबा; फसवणूक हा पर्याय सातव्या क्रमांकावर होता आणि तिथे पोहोचल्यावर ग्राहक क्रमांक मागितला गेला, जो मी ॲपमध्ये बघत असे आणि ॲप तर बंद पडले होते. चौतीस मिनिटे संगीत ऐकल्यावर जो मुलगा बोलला त्याने खाते गोठवले, आणि सल्ला दिला, ''मॅडम, फोन लगेच फॅक्टरी रीसेट करा.'' मी केला. सोमवारी पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला तो, ''फोन रीसेट का केलात? पुरावा गेला ना.'' एकाच्या सल्ल्याने केलेली गोष्ट दुसऱ्याकडे माझा गुन्हा ठरली. त्यामुळे सांगते: फोनचे इंटरनेट आणि नेटवर्क दोन्ही तोडा, म्हणजे विमान प्रवासाची स्थिती लावा, सिम काढून ठेवा, दुसऱ्या फोनवरून तक्रार करा, आणि पोलिसांनी बघेपर्यंत काहीही पुसू नका.

आणि बँकेच्या आधी १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी मदतवाहिनी, लावा. मी तो बँकेनंतर, रात्री साडेदहाला लावला. तिथे व्यवहार क्रमांक विचारले, तक्रारीचा पोचक्रमांक दिला, आणि चारपैकी शेवटचे १३,५०० रुपये समोरच्या खात्यात गोठवले गेले. बाकीचे तोवर पुढच्या खात्यांत आणि तिथून एटीएममधून निघून गेले होते. संगीत ऐकण्यात गेलेली चौतीस मिनिटे आधी १९३० ला दिली असती तर ७५,००० ही अडकले असते का, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

सोमवारी शाखेत गेले. ज्या कर्मचाऱ्याने मला रांगेतून मोबाइलकडे पाठवले होते त्यानेच आता सांगितले की डिजिटल व्यवहारांची तक्रार शाखेत घेत नाहीत, ॲपवर करा. कोणत्या ॲपवर? बंद पडलेल्या? अखेर व्यवस्थापकांनी अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नव्हते. मी तासभर खुर्चीवरून उठले नाही तेव्हा शिक्का मिळाला. पोलीस ठाण्यात सांगितले की आधी शिक्क्याचे विवरणपत्र आणा. बँकेत सांगितले की खाते गोठवले असल्यामुळे विवरणपत्राला वरून मंजुरी लागेल, पाच दिवस थांबा. जवळच्या ठाण्याने सायबर विभागाकडे पाठवले, सायबर विभागाने रक्कम ऐकून पुन्हा जवळच्या ठाण्याकडे. पैसे जायला एकोणीस मिनिटे लागली आणि ते गेले आहेत हे कागदावर नोंदवून घ्यायला मला अकरा दिवस आणि चार रजा लागल्या. त्यातल्या एका अधिकाऱ्याने चहा पिता पिता, ''शिकलेल्या बायकासुद्धा फसतात,'' असे शेजारच्याला सांगितले. मी तिथेच बसले होते.

बँकेचे लेखी उत्तर चार ओळींचे आहे: व्यवहार योग्य ओटीपीने प्रमाणित झाले आहेत, त्यामुळे हा ग्राहकाचा निष्काळजीपणा असून बँक जबाबदार नाही. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक मी चार वेळा वाचले आहे. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना बँकेकडून मिळाल्यावर तीन कामकाजी दिवसांत कळवले तर ग्राहकाचे दायित्व शून्य, असे त्यात आहे. ग्राहकाने गोपनीय माहिती दिल्यामुळे नुकसान झाले तर कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा, हेही त्यातच आहे. पण ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला आहे, हे वाक्य माझ्या बँकेच्या पत्रात कुठेच नाही. पिन मी भरला, ही माझी चूक मी मान्य करते. परंतु चौदा महिने एकाच फोनवरून चाललेले खाते अचानक दुसऱ्या फोनवर जाते, त्यानंतर चोवीस तासांत चार अनोळखी लाभार्थी जोडले जातात, ठेव मोडून लगेच सगळे खाते रिकामे होते, आणि ह्या बँकेच्या कोणत्याही यंत्रणेला एक फोन करून विचारावेसे वाटत नाही? मी दुप्पट बिल पाठवणाऱ्या पुरवठादाराला फोन करते. माझी कंपनी मला त्याचाच पगार देते.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मी केली आहे, तिचा निकाल यायचा आहे. त्या तक्रारीला बँकेकडे केलेल्या लेखी अर्जाची पोच जोडावी लागते, म्हणून तो शिक्का घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. बँकांनी व्यवहाराच्या कामासाठी १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून फोन करायचा असतो. मला आलेला क्रमांक साधा दहा आकडी मोबाइलचा होता. फोनच्या सेटिंगमध्ये एसएमएसची परवानगी कोणकोणत्या ॲपना आहे ते आज रात्री बघा. मोठी ठेव आणि रोजच्या खर्चाचे खाते एकाच ॲपमध्ये ठेवू नका.

उरलेले ५,१३० रुपये मी दुसऱ्या बँकेत हलवले आणि त्या खात्याला मोबाइल बँकिंग घेतले नाही. अर्ज भरून घेणाऱ्या तरुण मुलीने तीनदा विचारले, ''ॲप नको, नक्की? तुम्हाला प्रत्येक वेळी इथे यावं लागेल.'' मी हो म्हणाले. गोठवलेले १३,५०० रुपये सोडवायला न्यायालयाचा आदेश आणा असे मला सांगण्यात आले आहे. त्या अर्जाची पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची पडली आहे आणि त्यासाठी मी पाचवी रजा टाकली आहे.