बेळगावच्या कँपात ‘ब्रिटिशकालीन बंगला’ बुक करताय? आधी हे वाचा

पुण्या-मुंबईकडून बेळगाव बघायला येणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. लांब झालंय खरं शेवटपर्यंत वाचा, आणि ओळखीत कुणी इकडं यायचं ठरवत असेल तर त्यांना पाठवा. माझ्या आत्तीचे ३४ हजार रुपये गेलेत. कँपातला, म्हणजे इथल्या लष्करी छावणीतला बंगला दोन रात्रींसाठी देतो म्हणून घेतले, आणि तसला बंगला कँपात नाहीच.

आत्ती मूळची शहापूरची, लग्न होऊन पुण्याला गेली. राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकलेली, म्हणजे आमचं आरपीडी, जिथं पु. ल. देशपांडे काही काळ मराठी शिकवायला होते. नातवंडांना एकदा आपलं गाव नीट दाखवायचं हे तिच्या मनात लई दिवसांपासून होतं. किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती म्हणजे जैन मंदिर, रिसालदार गल्लीतलं विवेकानंद १८९२ ला उतरले होते ते घर, टिळकवाडीतली काँग्रेस विहीर, आणि जमलं तर कुमार गंधर्वांचं सुळेभावी. आमच्या घरी उतरा म्हणून मी शंभरदा सांगितलं असतं तरी मामांना, म्हणजे आत्तीच्या यजमानांना, कँपातच राहायचं होतं, कारण त्यांनी आत्तीकडून आयुष्यभर कँपच ऐकलाय, ती मोठमोठी झाडं, पावसाळी गारवा, कौलारू बंगले. १८१८ ला इंग्रजांनी किल्ला घेतला आणि पुढं अडीच हजार फुटांवरची ही थंड हवा बघून इथं छावणी वसवली, ती अजून बरीचशी तशीच आहे. तिथं दोन दिवस राहावंसं वाटण्यात काही चूक नाही.

मोबाइलवर त्यांना जाहिरात दिसली. ‘बेळगाव कँप, १८८० चा ब्रिटिश बंगला, गांधीजी १९२४ च्या अधिवेशनावेळी इथं राहिले होते, रोज संध्याकाळी व्हरांड्यात शास्त्रीय गायनाची बैठक, घरगुती जेवण, मांडे आणि कुंदा.’ फोटो एकदम झकास. फोन केला तर पलीकडून स्वच्छ मराठी बोलणारा माणूस, आपण मराठा रेजिमेंटचे रिटायर्ड सुभेदार म्हणून सांगणारा, डीपीला युनिफॉर्ममधला फोटो. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात आहे हे घराघरात माहीत आहे, आणि फौजी माणूस म्हटलं की आपली मान आदरानं खाली जाते, त्या आदराचाच यानं वापर केला, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. मामांना ‘साहेब’, आत्तीला ‘ताई’, आणि बोलण्यात घाई अजिबात नाही. पहिल्या फोनला पैसे मागितलेच नाहीत, उलट ‘लहान मुलं आहेत का, मग खालची खोली देतो, पायऱ्या नकोत’ असं म्हणाला. असं बोलणाऱ्यावर कुणाचाही विश्वास बसेल.

दोन खोल्या, दोन रात्री, १८ हजार, त्यातले निम्मे ९ हजार आधी. ते दिले. मग दोन दिवसांनी ‘जुनं फर्निचर आहे म्हणून ५ हजार डिपॉझिट, जाताना परत’. तेही दिलं. मग निघायच्या आदल्या दिवशी खरा डाव टाकला. ‘साहेब, कँप हा मिलिटरी एरिया, तुमच्या सहा जणांचा गेटपास काढावा लागतो, माणशी ५०० आणि सगळ्यांची आधार कार्डं पाठवा.’ ३ हजार गेले आणि आधारही गेलं. संध्याकाळी फोन, ‘पास रिजेक्ट झाला, मला फार वाईट वाटतंय, तुमचे पूर्ण १७ हजार आत्ता परत करतो, हा कोड स्कॅन करा, रक्कम दिसेल, पिन टाका की खात्यात जमा.’ मामांनी स्कॅन केलं, १७ हजार दिसले, पिन टाकला आणि १७ हजार जमा व्हायच्या ऐवजी आणखी १७ हजार गेले. मग फोन बंद. असे एकूण ३४.

आत्तीनं मला रडत फोन केला तेव्हा मी त्यानं पाठवलेल्या लोकेशनवर गाडी काढून गेलो. मॅपवरची खूण पडते सेंट मेरी चर्चच्या अलीकडं, तिथं बंगला नाही, लांबलचक कंपाउंड भिंत आहे. जवळच्या एका गेटवरच्या वॉचमननं मी फोटो दाखवायच्या आधीच विचारलं, ‘बंगल्याचं काय? त्या दिवशी पण एक गाडी आली होती विचारत.’ म्हणजे आणखी लोक फसलेत, आणि ते गप्प आहेत. म्हणूनच हे लिहायला बसलो.

आता बेळगावकराला जे बघताक्षणी कळलं असतं ते सांगतो, कारण बाहेरच्याला ते कळणं शक्य नाही. फोटोत बंगल्याच्या मागं लगेच चढ आणि चहाचे मळे आहेत. आमचा कँप सपाटीवर आहे, चहाचा मळा तर बेळगावात नाहीच, येळ्ळूरचा राजहंसगड दिसला तर लांब दिसतो. तो फोटो सर्च करून बघितला तर तमिळनाडूकडच्या एका हिल स्टेशनच्या जाहिरातीत निघाला. दुसरं गांधीजींचं. १९२४ चं काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीत भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते आयुष्यात तेवढं एकच अधिवेशन, आणि त्यांच्यासाठी झोपडी अधिवेशनाच्या जागेवरच उभारली होती, गंगाधरराव देशपांडे आणि त्यांच्या माणसांनी. पाण्यासाठी खोदलेली विहीर आजही आहे. इंग्रजी छावणीतल्या बंगल्यात त्यांना नेऊन बसवणं हा नुसता खोटेपणा नाही, आमच्या गावाच्या त्या आठवणीचा बाजार आहे.

तिसरं जास्त महत्त्वाचं. कँपातले पुष्कळ जुने बंगले ‘ओल्ड ग्रँट’वरचे आहेत, म्हणजे जमीन सरकारची, राहणाऱ्याकडं फक्त वहिवाट, आणि राहत्या घराचं हॉटेल करायचं तर वरून परवानगी लागते. तेव्हा कँपातला बंगला कुणी टुरिस्टला देतोय म्हटलं तर लायसन्स, परवानगी, पत्ता सगळं आधी मागा, जो खरा असेल तो दाखवेल. आणि गेटपास? खानापूर रोड, क्लब रोड, हायस्ट्रीट, हे सगळे येण्याजाण्याचे रस्ते आहेत, आम्ही रोज जातो, शाळेची पोरं सायकलवरून जातात. लष्कराच्या आतल्या भागात जायचं तर त्यांच्या गेटवर त्यांची माणसं विचारतात, कुणी सुभेदार फोनवर माणशी ५०० घेऊन पास देत नसतो.

मोबाइलवरून पैसे देताना टाकतो त्या पिनचं तर पाठच करून घ्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडूनही करून घ्या. पैसे यायला पिन लागत नाही. पिन पैसे जाताना लागतो. रिफंडसाठी स्कॅन करा म्हटलं की फोन कट.

तक्रारीचं सांगतो. मी लगेच मामांना १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावायला लावला, तो नंबर देशात कुठूनही चालतो, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार घातली. जितक्या लवकर कराल तितकं बरं, कारण पैसा पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतो. शेवटच्या १७ हजारातले ११ हजार एका खात्यात अडकवलेत म्हणून कळवलंय, अजून हातात आलेले नाहीत. एका पोलीस ठाण्यात ‘पैसे पुण्यातून गेले, तिकडं जा’ आणि पुण्यात ‘जागा बेळगावची, तिकडं जा’ असं झालं. सीमाभागातल्या माणसाला इकडून तिकडं टोलवलं जाणं नवीन नाही, खरं आता नव्या कायद्यात हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, झिरो एफआयआर म्हणा, आम्ही तसं म्हटल्यावर घेतला. बँकेला लेखी द्या, पोचपावती घ्या. आधार पाठवलं असेल तर बायोमेट्रिक लॉक करा, आणि इथून पुढं कुठंही मास्क्ड आधारच द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

एक घरच्यांना पण सांगायचंय. आत्तीला तिच्या मुलानं, सुनेनं लई बोललं, ‘एवढं कळत नाही का’ म्हणून. नका बोलू. असं बोललं की पुढच्या वेळी माणूस सांगतच नाही, आणि आत्तीनं तासाभरात सांगितलं म्हणून तर ११ हजार अडकले.

आत्ती, मामा आणि पोरं नंतर आली, वंदे भारतनं, आमच्याच घरी उतरली, सगळं बघितलं. तुमच्यापैकी कुणाला कँपातला बंगला, होमस्टे काही बुक करायचं असेल तर पैसे द्यायच्या आधी फोटो आणि पत्ता इथं टाका. मी किंवा आमच्यातलं कुणीतरी जाऊन बघून येईल. आणि ज्यांची गाडी त्या दिवशी चर्चपाशी येऊन परत गेली त्यांनी कृपा करून संपर्क करा, नंबर तोच असेल तर तक्रारी एकत्र देऊया.