मामा, बारा गुणिले दोन किती?

टाकीच्या एका लाइटपायी सात हजार नऊशे ऐंशी रुपयांना फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता लाजेने कमी करून सांगेन.

भांडुपला घरी माझी दोन फुटी काचेची टाकी आहे, पाण्यातली झाडं वाढवायची: रोटाला आणि मॉन्टे कार्लो. टाकीबरोबर आलेल्या ट्यूबखाली रोटाला नुसता लांबडा वाढत होता आणि मॉन्टे कार्लो विरघळून गेला. भाचा म्हणाला, "मामा, लॅमिंग्टन रोडवरून तीन वॉटचे एलईडी, हीटसिंक आणि ड्रायव्हर आणतो, दोन-अडीच हजारांत लाइट बनवून देतो." मी त्यालाच अक्कल शिकवली. पाण्याच्या डोक्यावर घरगुती वायरिंग नको, तयार आणि वॉरंटीवालाच घेणार. वॉरंटी!

मग व्हॉट्सॲप ग्रुपवर तो विकणारा भेटला. ९० वॉटचा लाइट, इम्पोर्टेड, बाहेर चौदा हजार, आपल्याला ६,८००. "शेवटचे दोन पीस, दादा." पुढचं तुम्हाला पाठ आहे. बुकिंगचे ५००, मग उरलेले ६,३००, मग माल कस्टममध्ये अडकला म्हणून १,१८०, तेही 'रिफंडेबल'.

मी काही काल मुंबईत आलेलो नाही. सव्वीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली. बिलावरचं आणि खात्यावरचं नाव एका अक्षराने जुळलं नाही तरी पेमेंट अडवणारा माणूस मी. आणि पाचशे रुपये पाठवताना स्क्रीनवर दुकानाचं नाव नाही, कुणा बाईचं नाव आलं. दिसलं मला. विचारलंसुद्धा. "मिसेसचं खातं आहे दादा, जीएसटीचं काम चालू आहे." बरं. ६,३०० च्या वेळी तिसरंच नाव आलं, तेही पुरुषाचं. मिसेस बदलली का रे, एवढं तरी विचारायचं! पिन टाकून मोकळा झालो. रात्री झोप लागत नाही ती पैशांमुळे नाही, त्या दुसऱ्या नावामुळे.

खोका आला तो पोह्याच्या पाकिटाएवढा हलका. भाच्याने लाइटकडे बघितलंही नाही, अडॅप्टर उचलला. त्यावर छापलेलं, १२ व्होल्ट २ अँपिअर. "मामा, बारा गुणिले दोन किती?" चोवीस. म्हणजे फार ओढलं तरी २४ वॉट, नव्वद येणार कुठून? मीटर लावला तर १७. वरचं 'ॲल्युमिनियम' म्हणजे चंदेरी रंग मारलेला पत्रा, आत डबल टेपने चिकटवलेली एलईडीची पट्टी. खरे ९० वॉट असते तर उष्णता बाहेर टाकायला जाडजूड हीटसिंक लागला असता, खोका उचलताना हाताला कळलं असतं.

चौकीत गेलो. "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" म्हटलं, साहेब, नव्वदच्या जागी सतरा. "तुम्ही ग्राहक मंचात जा." बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकलात, आमचा संबंध नाही. कोणाच्या खात्यात गेले ते सांगा, तर म्हणे गोपनीय! चोराची गोपनीयता जपायची आणि माझा अर्ज मात्र तीनदा परत, एकदा तर सही निळ्या शाईत नाही म्हणून. अर्धा दिवस रजा, वर झेरॉक्सचे ४६ रुपये. नंतर कळलं की सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तासाभरात फोन केला तर पैसे पुढे सरकायच्या आत गोठवता येण्याची शक्यता असते. मी केला नवव्या दिवशी. आठ दिवस घरात कुणाला सांगायची लाज वाटत होती.

खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा. वॉटचा आकडा लाइटवर नाही, अडॅप्टरवर वाचा. क्रॉफर्ड मार्केटला जाऊन समोर लावून बघा, दोनशे जास्त गेले तरी चालतील. आणि 'रिफंडेबल' शब्द आला की फोन ठेवा.

शेवटी भाच्यानेच बनवला. बारा एलईडी, २,२६० रुपये, मीटरवर २८ वॉट. तो बजावतो की तीन वॉटच्या एलईडीला साधा अडॅप्टर जोडू नका, ठरावीक करंट देणारा ड्रायव्हरच लागतो. हीटसिंकवर उष्णता पुढे नेणारी पेस्ट लावल्याशिवाय एलईडी बसवू नका. आणि प्लगकडे जाणाऱ्या वायरला खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळातून टपकेल. रोटाला लाल व्हायला लागलाय.

ती सतरा वॉटची पट्टी बायकोने ओट्यावर लावली आहे. भाजी चिरायला उजेड छान पडतो म्हणते.