वसईतून घेतलेली १९८४ची आयबानेझ: नऊ महिन्यांनंतर

आयबानेझ या जपानी कंपनीची ही जुनी इलेक्ट्रिक गिटार नऊ महिने रोज तासभर तरी वाजवतोय, तीन छोटे कार्यक्रमही हिच्यावरच केले. गिटार १६,५०० रुपयांना मिळाली, दुरुस्तीला ६,२०० लागले. जपानी बनावटीची नवी गिटार घेणं मला परवडलंच नसतं.

ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस चार महिने रोज चाळत होतो. कंपनीचं नाव टाकून शोधलं की जाणकारांच्याच जाहिराती येतात आणि भावही तसेच चढे असतात. माझी गिटार सापडली ती ‘जुनी गिटार, बॅगसकट’ एवढ्याच मजकुराखाली. फोटो धूसर होता, पण हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या वरच्या टोकाच्या) आकारावरून संशय आला आणि मी गिटारच्या मागच्या बाजूला कोरलेल्या नंबराचा फोटो मागवला. ‘सी ८४’. १९७५ ते १९८६ या काळातल्या जपानी आयबानेझवर पहिलं अक्षर महिन्याचं आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे असतात. म्हणजे ही मार्च १९८४ची, रोडस्टार-२ मालिकेतली.

वसईला एका आंटींकडे गेलो. ‘आमच्या ह्यांनी बोटीवर असताना आणलेली. आता वाजवणारं कुणी नाही, बाळा,’ म्हणाल्या. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात अशा गिटार बोटीवरच्या किंवा आखातातल्या माणसांच्या सामानातूनच यायच्या. म्हणून वसई, वांद्रे आणि गोव्यातल्या जाहिराती मी आवर्जून बघतो. नंबराचा अर्थ मी आंटींना सांगितला आणि त्यांनी मागितलेला भाव दिला. घासाघीस करावीशी वाटली नाही.

पैसे देण्याआधी मान (गिटारचा लांब, बारीक भाग) मात्र नीट तपासली. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) एकाच वेळी दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट बघायची. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं, तर छान. मग विचारून ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई, अगदी हलकेच फिरवून पाहिला. फिरला, तेव्हा जीव भांड्यात पडला. त्याआधी ठाण्यात बघितलेल्या एका देखण्या गिटारचा रॉड पूर्ण जाम होता आणि विकणाऱ्याने ते फोनवर सांगितलंच नव्हतं. पिकअप (तारांचा आवाज टिपणारे चुंबक), पॉट (आवाज कमी-जास्त करायची बटणं), जॅक (वायर लावायची जागा) सगळं बदलता येतं. वाकलेली मान आणि जाम रॉड असेल तर सरळ घरी परत यावं.

खर्च झाला तो फ्रेट घासून समपातळीत आणण्यावर, हाडाच्या नव्या नटवर (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) आणि आउटपुट जॅकवर. व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून गेली. कारागीर नवे पिकअप टाका म्हणत होता. मी टाकले नाहीत आणि त्याचा मला फार आनंद आहे. मानेजवळच्या पिकअपवर टोन थोडा कमी केला की जो गोल, ओलसर आवाज येतो, तो माझ्या आधीच्या नव्या गिटारमध्ये कधीच आला नाही.

पावसाळ्याने मात्र परीक्षा घेतली. जुलैत मान वाकून तारा फ्रेटपासून उंच झाल्या, रॉड पाव फेरा घट्ट करावा लागला. तारा तीन आठवड्यांत गंजू लागल्या. आता वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसतो आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपमुळे थोडी घरघर राहतेच, पण माझ्याकडे ती अतीच होती. शेवटी कळलं की खोलीतल्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. गिटारसोबत जपानहून आलेला अँप (अँप्लिफायर) मिळत असेल तर मागचा व्होल्टेज आधी वाचा. तिथली वीज १०० व्होल्टची. ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० वर लावला तर जळेल.

ट्रेमोलो, म्हणजे दांडी दाबून सूर हलवायची यंत्रणा, अजून मनासारखा नाही. दांडी दाबली की तिसरी तार उतरते, म्हणून सध्या आत लाकडी ठोकळा बसवून तो बंद ठेवलाय.

मागच्या महिन्यात आंटींना एका कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, ‘त्यांचा तो तपकिरी पट्टा आहे का रे अजून?’ आहे. तोच लावून वाजवतो.