रोशचं डिग-निक ट्रान्सलेशन मिक्स: १८एससाठी घ्या, ५एससाठी नको

रोहू, कटला आणि मृगळ, तिघांचीही गुणसूत्रं ५०. हॅचरीत यांचे संकर सहज होतात आणि बोटुकलीच्या आकारात ते नुसत्या नजरेने ओळखणं कठीण. गुणसूत्रं मोजून इथे काहीच हाती लागत नाही. कुठलं जनुक गुणसूत्रांच्या कुठल्या जोडीवर आणि भुजेच्या कुठल्या भागात बसलंय, तेच बघावं लागतं. चांदीच्या रंजनाने नॉर, म्हणजे राइबोसोमल जनुकांच्या जागा दिसतात, पण फक्त पेशीविभाजनाच्या आधीच्या टप्प्यात कार्यरत असलेल्या. झोपलेली जनुकं त्यात निसटतात. म्हणून फ्लुओरेसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत फिश, करायचं. त्यातल्या प्रोबला, म्हणजे शोधायच्या जनुकाला चिकटणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला, लेबल लावण्यासाठी पुण्यातल्या छोट्या प्रयोगशाळांनी कोणतं तयार मिश्रण घ्यावं, हा प्रश्न वारंवार येतो. आमचं उत्तर: रोशचं डिग-निक ट्रान्सलेशन मिक्स, सध्या मर्ककडून मिळतं ते. मात्र सगळ्या जनुकांसाठी नाही: १८एस आणि ५एस या दोन राइबोसोमल जनुकांपैकी पहिल्यासाठी घ्या, दुसऱ्यासाठी नको.

डबीत डीएनए पॉलिमरेज एक, डीएनएज एक, न्यूक्लिओटाइड आणि डिगॉक्सिजेनिन (डिग) हे लेबल जोडलेला डीयूटीपी, सगळं एकत्र असतं: डीएनएज चिरा पाडतो, पॉलिमरेज तिथून लेबलचे न्यूक्लिओटाइड बसवत जातं. १ मायक्रोग्रॅम डीएनए १६ मायक्रोलिटर पाण्यात घ्यायचा, ४ मायक्रोलिटर मिक्स घालायचं, १५ अंश सेल्सिअसला ९० मिनिटं ठेवायचं. संपलं. हे १५ अंश पुण्यात मात्र आपोआप मिळत नाहीत. साधा वॉटर बाथ खोलीच्या तापमानाखाली जातच नाही, आणि एप्रिलमध्ये खोलीच तिशी ओलांडते. बर्फ टाकत बसू नका, तापमान वरखाली होतं आणि डीएनएजचा वेग त्याबरोबर बदलतो. पीसीआर मशीनचं झाकण तापवणं बंद करून त्यात १५ अंश लावा, काम चोख होतं.

या मिक्सचा खरा कस लागतो तुकड्यांच्या लांबीवर. २०० ते ५०० बेसपेअरचे तुकडे हवेत. लांब राहिले तर स्लाइडभर ठिपके उमटतात, फार बारीक झाले तर सिग्नल फिका पडतो. ९० मिनिटं झाली की नळी बर्फात ठेवा, पण अभिक्रिया अजून थांबवू नका. ३ मायक्रोलिटर काढून ९५ अंशांना ३ मिनिटं तापवा, लगेच बर्फात घाला आणि १.५ टक्के अगारोजवर चालवा. धूसर पट्टा ५०० च्या वर लोंबत असेल तर नळी पुन्हा १५ अंशांना १५ मिनिटं ठेवा. योग्य जागी आला की ०.५ मोलार ईडीटीए १ मायक्रोलिटर घालून ६५ अंशांना १० मिनिटं. ही जेलची पायरी गाळणाऱ्यांनी नंतर मिक्सला दोष देऊ नये.

लांबी बिघडण्याची दोन कारणं नेहमीची. एक, डीएनए टीई बफरमध्ये विरघळवलेला असतो. त्यातला ईडीटीए मॅग्नेशियम पकडतो, डीएनएज मंदावतो, तुकडे लांब राहतात. डीएनए पाण्यात किंवा १० मिलिमोलार ट्रिसमध्ये घ्या. दोन, डीएनएत आरएनए मिसळलेला असतो. नॅनोड्रॉप यंत्र दोन्ही एकत्र मोजतं, म्हणून १ मायक्रोग्रॅम समजून घातलेला डीएनए प्रत्यक्षात निम्माच भरतो आणि डीएनएज त्याचा भुगा करतो. मोजणी फक्त डीएनए मोजणाऱ्या क्यूबिट यंत्रावर करा.

आता १८एस आणि ५एसचा फरक. १८एस राइबोसोमल जनुकाचा पीसीआर तुकडा साधारण १.४ ते १.८ किलोबेसचा असतो. त्याला हे मिक्स उत्तम चालतं. हे जनुक प्रजातींमध्ये इतकं सारखं असतं की रोहूवरून केलेला प्रोब कटला आणि मृगळवर तितकाच ठळक बसतो. स्लाइडमागे ५० ते १०० नॅनोग्रॅम पुरतो, म्हणजे एका अभिक्रियेत आठ-दहा स्लाइड सहज होतात. किंमत बघून दचकणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा.

५एसचा तुकडा मुळातच २०० बेसपेअरच्या आसपास. त्याला आणखी कापलं तर उरणार काय? तो पीसीआर करतानाच लेबल करा: बायोटिन-१६-डीयूटीपी आणि साधा डीटीटीपी, प्रमाण साधारण १:२. प्लाझ्मिडमध्ये क्लोन केलेला ५एस असेल तर अख्खा प्लाझ्मिड या मिक्सने लेबल करता येतो, तेही चालतं. ५एसला पीसीआरमध्ये बायोटिन लावलं असेल तर १८एस डिगने लाल आणि ५एस बायोटिनने हिरवा, एकाच स्लाइडवर दोन्ही दिसतात. उलटं करू नका असं आम्ही सांगू, कारण स्लाइड ज्यापासून करतो त्या मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये स्वतःचं बायोटिन असतं आणि पार्श्वभूमी वाढते. पीसीआरने लेबल केलेला ५एस भरपूर असल्यामुळे एवढं सहन करतो. एकल जनुकाचा फिका सिग्नल करणार नाही.

जवळच्या प्रजातींची तुलना करताना एक फसगत हमखास होते. ५एसचा जनुकभाग १२० बेसपेअरचा आणि स्थिर असतो, पण त्याच्या प्रतींमधला स्पेसर, म्हणजे मधला रिकामा भाग, झपाट्याने बदलतो. स्पेसरसकट केलेला रोहूचा प्रोब मृगळवर फिका पडला किंवा दिसलाच नाही, तर तिथे जनुक नाही असं लिहून मोकळे होऊ नका. त्याच स्लाइडवर १८एस ठळक असेल तर स्लाइड चांगली आहे आणि गडबड प्रोबच्या अनुक्रमात आहे. फक्त जनुकभागाचा प्रोब करून पुन्हा बघा. तसंच जोडीतल्या दोन गुणसूत्रांवर १८एसचा सिग्नल लहान-मोठा असणं स्वाभाविक आहे. फिका म्हणून एक सोडून दिला की मोजणी विषम येते. २० तरी चांगले मेटाफेज (गुणसूत्रं नीट पसरलेल्या विभाजनातल्या पेशी) बघितल्याशिवाय आकडा लिहू नये.

बॅक प्रोबलाही, म्हणजे जीनोमच्या मोठ्या क्लोन केलेल्या तुकड्यालाही, मिक्स चालतं. स्लाइडमागे २०० नॅनोग्रॅमपासून सुरुवात करा आणि पुनरावृत्त डीएनए झाकायला त्याच माशाचा कॉट-१ (वेगळा काढलेला पुनरावृत्त डीएनए) घाला. बाजारात सहज मिळतो तो माणसाचा किंवा उंदराचा, माशासाठी उपयोगाचा नाही. घरचाच करावा लागतो. तो नसेल तर सेंट्रोमिअर सगळीकडे उजळतात.

स्लाइड खराब असेल तर मिक्स काहीही करू शकत नाही. गणेश पेठेतल्या मासळी बाजारातला बर्फातला रोहू निरुपयोगी, जिवंत बोटुकली ऑक्सिजनच्या पिशवीतून आणावी. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी घेऊन पेशीविभाजन मेटाफेजला थांबवणारं ०.०५ टक्के कोल्चिसीन १०० ग्रॅम वजनाला १ मिलिलिटर या हिशेबाने टोचायचं, दोन-अडीच तास थांबायचं. मग मूत्रपिंडाचा पुढचा भाग ०.०७५ मोलार केसीएलमध्ये २० ते २५ मिनिटं आणि थंड मिथेनॉल-अॅसिटिक आम्ल ३:१ चे तीन बदल. उरलेला मासा टाकू नका, फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. प्रजातीबद्दल शंका निघाली तर ओळख पटवून घ्यायला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. पुण्याच्या हवेत एप्रिलमध्ये थेंब झटकन सुकतो आणि गुणसूत्रं गुच्छातच राहतात, स्लाइडला वाफ द्या. जुलैत उलट, थेंब सुकता सुकत नाही आणि पसारा इतका होतो की शेजारच्या पेशींची गुणसूत्रं मिसळतात. तेव्हा उबदार पाटीवर सुकवा.

हायब्रिडायझेशनआधी ७० टक्के फॉर्मामाइडमध्ये ७० अंशांना २ ते ३ मिनिटं पुरतात. जास्त झालं की डॅपी या डीएनए रंगवणाऱ्या रंगाखाली गुणसूत्रं फुगलेली, कडा नसलेली दिसतात.

खरेदी करताना लक्षात घ्या, डबीत अँटीबॉडी नाही. अँटी-डिगॉक्सिजेनिन ऱ्होडामीन, हिरव्यासाठी अॅव्हिडिन-एफआयटीसी आणि डॅपी वेगळे घ्यावे लागतात. मिक्स उणे २० अंशांना ठेवायचं, पण आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये नाही, कारण त्यात तापमान वरखाली होत राहतं. ग्लिसरॉल असल्यामुळे ते गोठत नाही. द्रव दिसलं म्हणून खराब झालं समजू नका. वर्षाला शेकडो स्लाइड करणाऱ्यांनी डीएनएज आणि पॉलिमरेज सुटे घेणं स्वस्त पडेल, पण मग डीएनएजची प्रत्येक नवी बॅच जेलवर बसवून घ्यावी लागते. लोणावळ्यातल्या वाल्वणच्या हॅचरीत वाढणाऱ्या दख्खनी महाशीरसारख्या १०० गुणसूत्रांच्या माशावर काम असेल तर त्या खटाटोपात पडू नका, तयार मिक्सच घ्या. तिथे मेटाफेज दाट असतात, पार्श्वभूमीचा एक ठिपकाही सिग्नल म्हणून मोजला जातो, आणि तुकड्यांची लांबी दर वेळी सारखी येणं हीच पहिली गरज असते.