रेआल सांगून क्वार्तियो गळ्यात मारला

माद्रिदच्या प्लासा मायोरमध्ये रविवारी सकाळी कमानींखाली नाण्यांचा बाजार भरतो. तिथे मी १८० युरोंना फसलो.

मखमलीवर एक पांढरंशुभ्र नाणं होतं. एका बाजूला मुकुट घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला किल्ला. "एनरिके चौथ्याचा रेआल, शुद्ध चांदी," विक्रेता म्हणाला. एनरिके म्हणजे स्पेनमधल्या कास्तील राज्याचा पंधराव्या शतकातला राजा आणि रेआल हे तिथलं चांदीचं नाणं. २२० वरून १८० वर आणला म्हणून मी स्वतःवरच खूश. पावती मागायचं सुचलंही नाही.

घरी ओट्यावर टाकलं तर बद्द वाजलं. आजीचे चांदीचे रुपये कसे खणखणतात ते कानात बसलेलं, तिथेच पाल चुकचुकली. कॉफी मोजायच्या काट्यावर वजन भरलं २.७ ग्रॅम. रेआल साधारण ३.४ ग्रॅमचा असतो.

पुढच्या रविवारी दुसऱ्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला दाखवलं. त्यानं भिंग माझ्याच हातात दिलं. राजाचं नाक आणि मुकुटाची टोकं झिजून सपाट झालेली, तरी तीही पांढरीफेक! हे नाणं 'वेयोन'चं, म्हणजे तांब्यात थोडीशी चांदी. टाकसाळीतून निघताना अशी नाणी उजळून पांढरी करत. पण तो पांढरेपणा वरच्यावरचा. वापरात उंच भाग आधी घासतात आणि तिथे तांबूस रंग डोकावतो. माझ्या नाण्याच्या झिजलेल्या नाकावरही चांदी होती, म्हणजे मुलामा झिजेनंतरचा, आजकालचा. खाली होता क्वार्तियो, नावाप्रमाणे पाव रेआल. नाणं अस्सल, पण किंमत फार तर २५ युरो.

गंमत म्हणजे हा क्वार्तियो तेव्हाही बदनामच होता. एनरिकेच्या राज्यात (१४५४–१४७४) टाकसाळी बेसुमार वाढल्या, नाणी हिणकस होत गेली. शेवटी १४७१ मध्ये सेगोवियात वटहुकूम काढून टाकसाळी सहावर आणाव्या लागल्या. तेव्हाच्या बाजारात निदान लोक काटा घेऊन बसत. मी खिशात साधं भिंगही न ठेवता गेलो.

तर भिंग आणि खिशात मावणारा काटा न्या. फार पांढरं मध्ययुगीन नाणं दिसलं की आधी नाकाचा शेंडा बघा. पावतीवर राजाचं आणि नाण्याचं नाव, धातू आणि वजन लिहून घ्या.

माझा विक्रेता त्या रविवारी जागेवर नव्हता. त्याच्या कमानीखाली कुणीतरी टपाल तिकिटं मांडून बसलं होतं.