दक्षिण आफ्रिकेची अर्धी सहल आणि ९,७०,२०० रुपये

केपटाउन शहर, स्टेलनबॉशचे द्राक्षमळे, गार्डन रूटचा समुद्रकिनारा आणि शेवटी क्रुगरच्या जंगलातील सफारी असा संपूर्ण दौरा माणशी २,२०,००० रुपयांत घडवून आणतो, असे सांगणाऱ्या पुण्यातील एका सहल व्यावसायिकाने सप्टेंबर २०२५ मध्ये मला, माझ्या यजमानांना, दिरांना आणि जाऊबाईंना फसवले. पैसे घेऊन कार्यालयाला कुलूप लावणारे भामटे सर्वांना परिचित आहेत. हा त्यांच्यातला नव्हता, म्हणूनच हे लिहीत आहे. मुंबईहून केपटाउनला जाण्याची तिकिटे आणि तेथील हॉटेल त्याने खरोखर पैसे भरून घेतले होते. पुढचे सारे केवळ कागदावर होते.

चौघांचे ८,८०,००० रुपये, त्यावर जीएसटीचे ४४,००० आणि टीसीएसचे (सहल विकणाऱ्याने ग्राहकाकडून वसूल करून त्याच्या पॅनवर भरायचा आयकर) ४६,२००, असे एकूण ९,७०,२०० रुपये त्याने तीन हप्त्यांत घेतले: आधी २,५०,०००, मग ३,७०,००० आणि शेवटी ३,५०,२००. शेवटचा हप्ता ‘लेखापरीक्षण चालू असल्यामुळे’ कंपनीऐवजी भलत्याच नावाच्या खात्यात भरायला सांगितला. माझी उभी नोकरी हिशेब खात्यात गेली असल्यामुळे मी पावती मागितली, ती कंपनीच्या शिक्क्यासह तासाभरात आलीही. याला भोळेपणा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, आमच्याच सोसायटीतील दोन कुटुंबे याच माणसाबरोबर सिंगापूरला सुखरूप जाऊन आली होती. दर कमी का, असे विचारले तेव्हा पितृपक्षात आपल्याकडचे कुणी निघत नाही, म्हणून जागा स्वस्तात मिळतात, असे त्याने सांगितले आणि ते पटण्यासारखेच होते. मात्र त्याच पत्रकात क्रुगरला लागून असलेल्या साबी सँड या खासगी अभयारण्यातील दोन रात्री होत्या, आणि तेथील चांगल्या लॉजमध्ये एका माणसाच्या एका रात्रीचाच खर्च सहज पन्नास हजारांच्या पुढे जातो, हे मला फार उशिरा समजले.

तरीही एक क्षण असा होता की त्याची आठवण आजही झोपू देत नाही. कार्यक्रमपत्रिकेत लिहिले होते: ‘नाय्झ्ना येथून नाश्त्यानंतर प्रयाण, रस्त्याने सहा तासांत क्रुगर.’ नाय्झ्ना दक्षिण किनाऱ्यावर आहे आणि क्रुगर थेट ईशान्येला, मोझांबिकच्या सीमेवर. मधले अंतर दीड हजार किलोमीटरांच्या आसपास भरते. पुण्याहून सकाळी मोटारीने निघून दुपारच्या चहाला दिल्लीत पोहोचू, असे म्हणण्यासारखेच ते होते. मी नकाशा उघडून त्याला फोन केला. तो हसला, ‘ताई, टायपिंगची चूक आहे, जॉर्ज शहराहून विमान आहे,’ असे म्हणाला आणि दहा मिनिटांत सुधारित पत्रिका पाठवली. इतक्या झटपट उत्तर देणाऱ्या माणसाचा संशय कोणाला येईल? पण त्या सुधारित पत्रिकेत विमानाचा क्रमांक नव्हता, तो मी मागितला नाही, आणि दुसऱ्याच दिवशी ३,५०,२०० रुपये भरले.

केपटाउनमध्ये सारे सुरळीत पार पडले. स्टेलनबॉशच्या अतिथिगृहातील बाईंनी मात्र संगणकात पाहून सांगितले की आमच्या नावे तात्पुरते आरक्षण झाले होते, परंतु अनामत न आल्यामुळे ते आपोआप रद्द झाले. म्हणजे व्हाउचरवरचा क्रमांक खरा होता! यासाठी हॉटेलला स्वतः ईमेल करताना ‘आरक्षण आहे का’ असे न विचारता ‘पैसे पूर्ण भरले आहेत का’ असेच विचारावे. क्रुगरच्या आरक्षण विभागाने आमचा क्रमांक त्यांच्या नोंदीतच नसल्याचे कळवले. जोहान्सबर्गहून परतीच्या तिकिटांचाही केवळ सहा अक्षरी पीएनआर होता, तेरा अंकी तिकीट क्रमांक नव्हता. तो नसेल तर तिकीट काढलेलेच नाही असे समजावे. व्यावसायिकाचा फोन बंद होता. केपटाउनला परतून वाढीव मुक्कामाचे ५८,३०० आणि परतीच्या तिकिटांचे २,११,६०० रुपये आम्ही पदरचे भरले. सायमन्स टाउनचे पेंग्विन सोडले, तर वन्यप्राणी म्हणून काही पाहिले नाही.

खरा संताप परतल्यावर सुरू झाला. पोलीस ठाण्यात अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न होता, ‘तुम्ही जाऊन आलात ना?’ जाऊन आलो, म्हणजे सेवेतील त्रुटी, म्हणजे दिवाणी वाद, म्हणजे गुन्हा नाही, असा त्यांचा तर्क; आणि सहलीचा पहिला तुकडा खरा ठेवण्यामागे त्या माणसाचा नेमका हाच हिशेब होता, हे मी त्यांना कितीही समजावले तरी अर्जावर पोच देण्यापलीकडे त्यांनी काही केले नाही. आर्थिक गुन्हे शाखेने रक्कम आपल्या मर्यादेत बसत नसल्याचे सांगून तोच अर्ज त्याच ठाण्याकडे परत पाठवला. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर तक्रार नोंदवली, पण पैसे खात्यातून पुढे जाण्याआधी, ताबडतोब फोन केला तरच त्या क्रमांकाचा खरा उपयोग होतो. आम्हाला फसवणूक उमगेपर्यंत खाते रिकामे झाले होते. बँकेने ‘व्यवहार आपण स्वतः केला आहे’ असे एका ओळीचे उत्तर दिले. १९१५ या ग्राहक मदतवाहिनीने कंपनी प्रतिसाद देत नाही म्हणून तक्रार बंद केली. प्रतिसाद देत असती तर तक्रार कशाला केली असती? त्याच्या पत्रकावर पर्यटन मंत्रालयाच्या मान्यतेचा उल्लेख होता. चौकशी केली तेव्हा, तो आमच्या यादीत नाही, त्यामुळे कारवाईचा प्रश्न येत नाही, असे कळले. ही मान्यता ऐच्छिक असते, तेव्हा यादी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय चिन्हावर विसंबू नये.

आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणारा फॉर्म २६एएस पाहिला, तर टीसीएसचे ४६,२०० रुपये माझ्या पॅनवर जमाच नव्हते. करविभागाने सल्ला दिला की ज्याने वसूल केले त्याच्याकडून दुरुस्ती करून घ्यावी. पहिल्या हप्त्यावरील कर तिमाहीचे विवरणपत्र दाखल झाल्यावर तेथे दिसतो की नाही, हे शेवटचा हप्ता देण्यापूर्वी अवश्य पाहावे.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. २०१९ च्या कायद्यानुसार ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि तिथे ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे चालतात. समोरच्याला पाठवलेली नोटीस ‘पत्त्यावर नाही’ असा शेरा घेऊन परत आली आहे. तोच माणूस आता निराळ्या नावाने केनियाच्या सहलीची जाहिरात करतो आहे, असे ओळखीच्या एकाने कळवले. याच पद्धतीने अर्धी सहल झालेल्यांनी आपले व्हाउचर आणि बँकेचे उतारे जपून ठेवावेत. समान हितसंबंध असलेल्या ग्राहकांना कलम ३५ खाली आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते.