कपाट हलके करताना ‘व्ही-कलेक्ट’चा अनुभव
लक्ष्मी रस्त्यावरच्या सणासुदीच्या खरेदीने माझे कपाट इतके भरले होते की, मागची साडी काढायची तर पुढचा सगळा ढीग पलंगावर ठेवावा लागे; म्हणून मी चाळीस कपडे निवडून ‘स्वच्छ’ संस्थेच्या ‘व्ही-कलेक्ट’ या जुन्या वस्तूंच्या संकलनात दिले. ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या कचरावेचकांच्या संघटनेतून (स्थापना १९९३) उभी राहिलेली, कचरावेचकांच्याच मालकीची ही सहकारी संस्था २००८ पासून पुणे महानगरपालिकेसोबत काम करते, आणि नको असलेली वस्तू कचऱ्यात न जाता पुन्हा वापरात यावी हा तिचा आग्रह मला मनापासून पटतो. पूर्वी मी जुने कपडे बोहारणीला देत असे, पण बदल्यात पातेली येत आणि कपाटातली अडगळ स्वयंपाकघरात जाई. कपडे मात्र धुऊन, वाळवून, बटणे तपासूनच द्यावेत. ते हाताळणाऱ्या माणसांचा तेवढा मान आपण राखलाच पाहिजे. आईची मऊ सुती लुगडी मी दिली नाहीत, कारण त्यांची गोधडी शिवून घ्यायची आहे. रिकामे झालेले दोन कप्पे दिवाळीपर्यंत तसेच ठेवणार आहे.